इनास सरांचा विहिरींचा नकाशा

इनास सर गेल्याचं मला फोनवरच्या एका ग्रुपमधून कळलं. दुपारची वेळ होती, जेवणं उरकून मी ओटा पुसत होते. शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा तो ग्रुप. खरं तर मी त्यात असण्याचं काही कारण नाही, कारण त्या शाळेतून मी आठवीतच बाहेर पडले. पण एका वर्गमैत्रिणीने मला घातलं आणि मी निघाले नाही, एवढंच. सरांचा फोटो होता, खाली हात जोडलेली चित्रं आणि फुलं, आणि मग कुणीतरी लिहिलं, ‘वसईच्या पाण्यासाठी आयुष्य वेचणारा द्रष्टा गुरू हरपला.’ त्यावर चाळीस जणांनी अंगठे दाखवले. मी फोन पालथा घातला आणि पुन्हा ओटा पुसायला लागले. आधीच पुसलेला ओटा. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नव्हतं. राग आला होता... त्या वाक्याचा, त्या अंगठ्यांचा, आणि खरं सांगायचं तर सरांचासुद्धा. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. राग उतरेल म्हणून थांबले होते. उतरला नाही, म्हणून लिहिते आहे.

इनास फर्गोज आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले तेव्हा तिशीतले असतील. आमचं गाव वसईजवळ, होळी नावाच्या बाजारपेठेच्या बाजूला. केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, प्रत्येक वाडीत एक विहीर, ख्रिस्ती आणि हिंदू घरं शेजारी शेजारी. शाळा गावातल्याच लोकांनी काढलेल्या संस्थेची होती. बाकीचे शिक्षक पुस्तक उघडून वाचून दाखवत आणि आम्ही खाली रेघा मारत असू. सर दिवाळीपर्यंत पुस्तक उघडूच देत नसत. ‘आधी बघा, मग वाचा,’ म्हणायचे. आर्किमिडीजचं तत्त्व शिकवायला ते शाळेच्या हौदात कपड्यांसकट उतरले होते आणि बाहेर सांडलेलं पाणी आम्हाला बादल्यांनी मोजायला लावलं होतं. हेडमास्तर गॅलरीतून बघत राहिले. ओल्या पँटने सरांनी पुढचे दोन तास घेतले. एकदा परीक्षेत जवळजवळ सगळ्या वर्गाने एकाच गाइडातलं एकसारखं उत्तर लिहिलं. उत्तर बरोबर होतं, तरी सरांनी सगळ्यांना शून्य दिलं आणि फक्त एका मुलीला, जिने चुकीचं पण स्वतःचं लिहिलं होतं, तिला पाच गुण दिले. ती मुलगी मी. त्या दिवसापासून मी त्या माणसासाठी काहीही करायला तयार होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं.

पण त्यांच्यात एक गोष्ट होती, जी तेव्हा मला कळली नाही. सरासरी शिकवायची म्हणून त्यांनी आम्हाला चर्चच्या मागच्या दफनभूमीत नेलं. क्रुसांवरची जन्माची आणि मृत्यूची सालं लिहून घ्या, कोण किती वर्षं जगलं त्याची सरासरी काढा. आम्हाला गंमतच वाटली. आमच्या वर्गातल्या सायमनला त्याच्या धाकट्या बहिणीचा क्रूस सापडेपर्यंत. ती आदल्याच पावसाळ्यात तापाने गेली होती. सायमन वही घेऊन तिथेच उकिडवा बसला आणि हुंदके द्यायला लागला. सर त्याच्याकडे गेले, खिशातून रुमाल काढून त्याला दिला, क्षणभर काय करावं ते न सुचल्यासारखे उभे राहिले... आणि मग वळून म्हणाले, ‘चला, पुढच्या रांगेतली सालं सांगा.’ कोष्टक पूर्ण झालं. फार सुंदर कोष्टक होतं ते. सायमन दोन दिवस शाळेत आला नाही.

माणूस वाईट नव्हता. त्यांना आकडा दिसायचा, आणि आकडा धरून उभं असलेलं मूल दिसायचं नाही.

१९८१ च्या दिवाळीनंतर त्यांनी विहिरींचा उपक्रम काढला. दर शनिवारी प्रत्येकाने आपल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणायचं. वर्गात रॉकेलचा स्टोव्ह पेटायचा, प्रत्येकाचं एकेक पेला पाणी ॲल्युमिनियमच्या वाटीत आटवायचं, तळाशी राहिलेलं मीठ ब्लेडने खरवडायचं आणि काट्यावर तोलायचं. काटा सरांनी गावातल्या सोनाराकडून मागून आणला होता. शिवाय दोरीला वीतभर अंतरावर गाठी मारून पाण्याची पातळी मोजायची. मग सरांनी जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करून चिकटवली आणि त्यावर अख्ख्या गावाचा नकाशा काढला. प्रत्येक विहीर म्हणजे एक गोल, गोलाखाली घरमालकाचं नाव. पाणी गोड तर निळा खडू, मचूळ झालं तर लाल.

तेव्हा गावात टँकर यायला लागून वर्ष-दोन वर्षं झाली होती. मुंबईच्या बाजूला इमारती उठत होत्या, त्यांना पाणी हवं होतं, आणि आमच्या गावच्या विहिरी गोड होत्या. तिघांनी आपल्या विहिरींवर मोठे पंप बसवले. त्यातले एक होते आमच्या शाळेच्या संस्थेचे सेक्रेटरी, ज्यांचे स्वतःचे दोन टँकरही होते. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आणि दुसरे होते माझे बाबा.

बाबांनी ते का केलं हेही सांगायला हवं. त्या वर्षी पानवेलीवर रोग पडला होता, माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, आणि सेक्रेटरी स्वतः घरी येऊन बसले होते. ‘पाणी काय, पावसाळ्यात परत भरतंच,’ म्हणाले. बाबांनी मान डोलावली. सकाळी सहाला पंप सुरू व्हायचा तो संध्याकाळी दिवे लागेपर्यंत.

सरांना हे सगळं माहीत होतं. त्यांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, ‘सेलीन, तू माझी सगळ्यात पक्की निरीक्षक आहेस. तुझ्याकडे जास्तीचं काम. रोज किती टँकर भरले ते लिहायचं. वेळ, आणि पंप किती तास चालला, तेही.’ मी लिहिलं. चिंचेखाली अभ्यासाला बसायचे आणि चौकटीच्या वहीत काड्या मारायचे. आई म्हणायची, बघा कशी अभ्यास करते. (घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. ती बोली लिहायला आम्हाला कुणी शिकवलं नाही, म्हणून आईचं-बाबांचं बोलणं इथे शाळेच्या मराठीत लिहिते आहे.) बाबा माझ्या डोक्यावरून हात फिरवून जायचे. मी काय लिहिते ते त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. ‘घरी दाखव’ असं सर म्हणाले नाहीत, ‘दाखवू नको’ असंही म्हणाले नाहीत. त्यांच्या डोक्यातच ते आलं नसावं. मला आजही याचाच सगळ्यात जास्त संताप येतो. लपवायला सांगितलं असतं, तर निदान मला काहीतरी संशय आला असता.

जानेवारी संपताना नकाशा बदलायला लागला. खाडीच्या बाजूचे गोल आधी लाल झाले, मग आतले. फेब्रुवारीच्या शेवटी तीन निळे गोल उरले आणि त्यांच्याभोवती लालच लाल. ते तिन्ही टँकरवाल्यांचे गोल होते. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘सर, सेलीनच्या विहिरीला गोवर झालाय बघा भोवतीने!’ वर्ग हसला, मीही हसले. सर हसले नाहीत. ते बराच वेळ नकाशासमोर उभे होते. मग म्हणाले, ‘हे गावाने बघायला पाहिजे.’

मार्चमध्ये शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं. दरवर्षी ज्वालामुखी आणि विजेची घंटा असायची. या वर्षी हॉलच्या मधल्या भिंतीवर नकाशा लागला आणि तो समजावून सांगायला सरांनी मला उभं केलं. वर्गात आणखी चाळीस मुलं होती. सायमन होता, त्याची विहीर लाल झाली होती, तो सांगू शकला असता. सर स्वतः सांगू शकले असते. पण आकडे माझे होते, आणि ‘ज्याने मोजलं त्याने बोलायचं’ असा त्यांचा नियम होता.

आईने इस्त्री केलेला गणवेश, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या, हातात लांब छडी. पहिल्या रांगेत सेक्रेटरी, तिसऱ्या रांगेत बाबा, खास पांढरा शर्ट घालून आलेले. मी पाठ केल्यासारखं बोलत गेले. कुठल्या विहिरीत किती मीठ, पातळी किती हात खाली गेली. बाबांकडे बघत होते. ते खूश दिसत होते. आणि मग मी छडी मधल्या निळ्या गोलावर ठेवून म्हटलं, ‘या विहिरीतून रोज सरासरी अकरा टँकर पाणी जातं. त्यामुळे आजूबाजूच्या विहिरींमध्ये खाडीचं पाणी शिरतं. ही विहीर आमची आहे.’

मला वाटलं, टाळ्या पडतील. मी खरंच वाट बघत होते टाळ्यांची.

मग आमच्या शेजारच्या नातालबाय उठल्या. साठीच्या, एकट्या, त्यांची पन्नास केळी त्या महिन्यात करपून गेली होती. त्या बाबांकडे वळून म्हणाल्या, ‘सांग रे, पोर खोटं बोलते का?’ बाबा उठले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, नातालबायकडेही नाही. पायांत चपला सरकवल्या आणि हॉलमधून चालत बाहेर गेले. आई त्यांच्या मागे गेली. मी छडी धरून तशीच उभी, आणि सर माझ्या शेजारी... मला वाटलं, आता ते माझ्या खांद्यावर हात ठेवतील. ते पुढे झाले आणि लोकांना म्हणाले, ‘आकड्यांबद्दल कुणाला शंका आहे का?’

बाबांनी मला मारलं नाही. आयुष्यात कधीच मारलं नव्हतं. दोन दिवस बोलले नाहीत. सोमवारी शाळेत जाऊन माझा दाखला काढून आणला आणि ओटीवर ठेवून म्हणाले, ‘ज्या शाळेत बापाची चहाडी शिकवतात, त्या शाळेत माझी मुलगी जाणार नाही.’ मी म्हटलं, ‘बाबा, ती चहाडी नव्हती, तो प्रयोग होता.’ ते म्हणाले, ‘मला आधी सांगितलं असतंस तर प्रयोग. लोकांसमोर सांगितलंस म्हणून चहाडी.’

त्यानंतर तीन शनिवार मी बाटली भरून ठेवली. मला खात्री होती, सर येतील. मला परत शाळेत पाठवा म्हणून बाबांशी भांडतील, हात जोडतील, काहीतरी करतील. शाळेपासून आमचं घर सायकलने दहा मिनिटांवर. सर आले नाहीत. चौथ्या शनिवारी आईने ती बाटली धुऊन त्यात खोबरेल भरलं.

तिकडे शाळेत सरांचीही तीच गत झाली. सेक्रेटरींनी सभा बोलावली. विद्यार्थ्यांना पालकांविरुद्ध भडकवणे, शाळेत राजकारण आणणे, असे आरोप. नकाशा शिपायाकडून उतरवून घेतला आणि मैदानात पाचोळ्याबरोबर जाळला. सरांना सांगितलं, माफीचं पत्र लिहा आणि पुढल्या वर्षी पुस्तकातलं शिकवा. सर म्हणाले, ‘आकडे चुकलेत म्हणून दाखवा, लगेच लिहितो.’ नोकरी गेली. आणि गाव? ज्यांच्या विहिरी लाल झाल्या होत्या, ज्यांच्या वाड्या डोळ्यांदेखत वाळत होत्या, ते तीसेक घरांचे लोक रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर घोळका करून उभे राहायचे आणि सरांचं कसं बरोबर होतं ते एकमेकांना सांगायचे. सरांना परत घ्या, असा अर्ज सायमनच्या वडिलांनी लिहिला. त्यावर सह्या झाल्या तीन. सायमनचे वडील, नातालबाय आणि सोनार. बाकीच्यांना कुणाच्या पोराचा प्रवेश होता, कुणाचा बांध सेक्रेटरींच्या बांधाला लागून होता, कुणी नुसताच ‘बघू’ म्हणाला. सर पुढे कामणच्या बाजूला एका शाळेत लागले, तिथेच निवृत्त झाले.

दुसऱ्या उन्हाळ्यात आमचाही गोल लाल झाला असता, रंगवायला नकाशा नव्हता एवढंच. खारट पाण्याने चहा फाटायला लागला. पानवेल गेली, पंप गंजला, टँकर दुसऱ्या गावांकडे वळले. मी वाडीत राबत होते. मग वालीवला एका कारखान्यात पॅकिंगला लागले. तिथे काम करता करता, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बाहेरून फॉर्म भरून दहावी झाले आणि शेवटी त्याच कारखान्याचं स्टोअर सांभाळून निवृत्त झाले. बरं चाललं माझं. पण मला विज्ञान शिकायचं होतं. बाबा शेवटच्या आजारपणात एकदा, मी त्यांना पाणी पाजत असताना, म्हणाले, ‘तुझं गणित बरोबर होतं.’ एवढंच. मी म्हटलं, ‘माहीत आहे बाबा.’ आम्ही दोघांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

सरांची शोकसभा झाली त्याच शाळेत, त्याच हॉलमध्ये. मी गेले. अध्यक्ष होते त्या सेक्रेटरींचे चिरंजीव, आता तेच संस्था चालवतात. सरांच्या फोटोला मोठा हार. चिरंजीव म्हणाले, सर काळाच्या पुढे होते. म्हणाले, या शाळेने सरांना प्रयोगाचं स्वातंत्र्य दिलं याचा आम्हाला अभिमान आहे. म्हणाले, सरांनी ‘पुढे स्वेच्छेने अन्यत्र सेवा केली’. स्वेच्छेने! मी मागे वळून बघितलं. माझ्या वयाची, माझ्याहून मोठी कितीतरी माणसं होती, जी त्या मार्चमध्ये तिथे बसलेली होती. सगळे माना हलवत होते. मी हात वर केला. निवेदन करणारी मुलगी जवळ येऊन गोड आवाजात म्हणाली, ‘ताई, वक्त्यांची यादी पूर्ण झाली आहे. तुम्ही सरांच्या विद्यार्थिनी का?’ मी म्हटलं, ‘मी तो नकाशा आहे.’ तिला अर्थातच काही कळलं नाही. मी तिथून बाहेर पडले आणि रिक्षा करून थेट सरांच्या घरी गेले. सरांशी भांडायचं राहिलं होतं, आणि ते ऐकायला आता त्यांच्या घरच्यांशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

दार त्यांच्या पत्नीने उघडलं. लुर्दीनआंटी. मी त्यांना आयुष्यात एकदाच बघितलं होतं. नाव सांगितल्यावर त्यांनी मला आत बसवलं. सभेला त्या गेल्या नव्हत्या. ‘त्या हॉलमध्ये मी पाय ठेवणार नाही,’ म्हणाल्या. ‘यांना तिथून काढलं तेव्हा चिकू, हा आमचा मुलगा, तीन महिन्यांचा होता.’ चहा झाला. मी मनात आणलं होतं ते सरळ विचारून टाकलं, ‘आंटी, सर माझ्याकडे का नाही आले?’

‘दोनदा निघाले होते,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. म्हणायचे, तिच्या बापाला तोंड कसं दाखवू?’

‘बाबांना नाही हो,’ मी म्हटलं, आणि माझा आवाज एवढा चढला की मलाच धक्का बसला. ‘तोंड मला दाखवायचं होतं! बाबा मोठे होते, त्यांचं त्यांनी बघितलं असतं. मी तेरा वर्षांची होते. नोकरी गेली तरी ते माफी मागायला तयार झाले नाहीत, म्हणून सगळे त्यांना मोठं म्हणतात. माझी तरी मागायची होती. माझे आकडे चुकले नव्हते ना? मग मला शिक्षा कसली?’

आंटींनी सरांची बाजू घेतली नाही. कप उचलून त्या उठल्या आणि म्हणाल्या, ‘ये, आत ये.’

मागच्या पडवीला पत्रे टाकून केलेली एक खोली होती. निवृत्तीनंतर सर तिथे गावातल्या मुलांना विज्ञान शिकवत, शेवटच्या आजारापर्यंत. चटया गुंडाळून ठेवलेल्या, कोपऱ्यात स्टँडवर परीक्षानळ्या, आणि भिंतीवर फळा. फळ्यावर त्यांच्या शेवटच्या तासाचं सगळं तसंच होतं. मातीच्या थरांची आकृती, बाण, ‘वाळू’, ‘मुरूम’, घाईतलं तिरकं अक्षर. आणि सगळ्यात वर, आकृतीपासून वेगळं, स्वच्छ आणि ठळक लिहिलेलं, ‘घरी विचारून मगच आणा.’

‘हे काय?’ मी विचारलं.

‘माती आणायला सांगितली होती पोरांना,’ आंटी म्हणाल्या. ‘पण हे ते नेहमीच लिहायचे. कामणला गेल्यापासून. काही आणायचं असो-नसो, फळ्यावर पहिलं हे, मग शिकवणं. पोरं हसायची त्यांना. मी पुसायला घेते आणि हात होत नाही... तू पुसतेस का?’

मी त्या चार शब्दांसमोर उभी राहिले. हे लिहायला किती वेळ लागतो? दहा सेकंद? चाळीस वर्षं ते दुसऱ्यांच्या पोरांसाठी हे लिहीत होते, आणि मला एका वाक्याने कळवलं नाही. आणि तरी मला हेही दिसत होतं की त्या दिवाळीनंतर त्यांनी हे लिहिलं असतं, तर मी घरी विचारलं असतं आणि बाबा नाही म्हणाले असते. मी शाळेत राहिले असते, आणि तो नकाशा झाला नसता. आणि तो नकाशा खरा होता... हे दोन्ही मला एकाच वेळी नको होतं आणि हवं होतं, आणि ज्याच्याशी याबद्दल भांडावं तो माणूस फोटोत जाऊन बसला होता.

मी फडकं ओलं करून आणलं. खालून सुरुवात केली. मुरूम पुसला, वाळू पुसली, बाण पुसले. वरच्या ओळीपाशी आले आणि थांबले.

‘तेवढं राहू दे, आंटी,’ मी म्हटलं, आणि फडकं त्यांच्या हातात दिलं.